कायद्याची वाट : धडक देऊन पळालेल्या चालकाला शिक्षा किती?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे रस्ते अपघातांविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. काही प्रकरणांचा तपास चालू असल्यामुळे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मी संगमनेरचा असून बावीस वर्षे स्वतःचा ट्रक चालवतो. अपघातात माणूस दगावला आणि चालक पळाला, तर नव्या कायद्यात दहा वर्षे कैद आणि सात लाख रुपये दंड आहे असे सगळे सांगतात. २०२४च्या जानेवारीतल्या संपात मीही गाडी उभी केली होती. थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही आणि निघालो तर तुरुंग. आम्ही करायचे तरी काय?

उत्तर : आधी सात लाखांचा आकडा निकालात काढू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६च्या दुसऱ्या पोटकलमात ‘दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड’ एवढेच आहे, दंडाची रक्कम त्यात लिहिलेली नाही. तो आकडा संपाच्या दिवसांत मोबाइलवरून फिरला आणि फिरता फिरता कायद्याइतकाच पक्का होऊन बसला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १ जुलै २०२४ रोजी न्याय संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. आपण ज्या संपात होता त्याचाच तो परिणाम आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, गावोगावच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय ही तरतूद अमलात आणणार नाही असे आश्वासन दिले. फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेत कलम १०६(२) बाजूला ठेवले गेले आणि तेव्हापासून ते कागदावरच आहे.

मग आज लागू काय आहे? हयगयीने किंवा बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६च्या पहिल्या पोटकलमाखाली पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात हीच मर्यादा दोन वर्षांची होती. गुन्हा जामीनपात्र आहे. त्याच्या जोडीला सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल कलम २८१ लागते, त्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पळून जाण्याचा हिशेब मात्र वेगळ्या ठिकाणी होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये सांगते आणि ती न पाळल्यास कलम १८७प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. २०१९च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड पाचशे रुपये होता.

आता आपली खरी अडचण. कलम १३४ म्हणते की चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व करावे. मात्र जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल, तर ही सक्ती नाही. म्हणजे जमावाची भीती कायद्याला ठाऊक आहे आणि ती त्यात शब्दाने लिहिलेली आहे. परंतु ही सवलत फक्त जखमीला नेण्याच्या कर्तव्यापुरती आहे. त्याच कलमातले दुसरे कर्तव्य असे की, घटनास्थळी पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, अपघाताची हकिगत कळवायची. त्याला जमावाचा अपवाद नाही. वगळलेल्या १०६(२)चे शब्दही नीट वाचले तर तेथे नुसते निघून जाणे पुरेसे धरलेले नाही. निघून जाणे आणि घटनेनंतर लगेच पोलिसाला किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवणे, अशा दोन्ही गोष्टी लागतात. तेव्हा गाडी घटनास्थळावरून हलवावी लागली तर ती थेट पोलीस ठाण्याच्या दारात न्यावी, वाटेतच ११२ क्रमांकावर सांगावे, ठाणे अंमलदाराकडून स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक आणि वेळ मागून घ्यावी, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. बंपर धुऊ नये, फुटलेला दिवा बदलू नये. पंचनाम्यात ज्या गोष्टी टिपल्या जातात त्या नाहीशा केल्या, तर पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा अंगावर येतो आणि जमावाच्या भीतीचे आपले म्हणणे कोणी खरे मानत नाही.

एक गोष्ट माझ्या मनात सतत येते, ती येथेच सांगतो. दहा वर्षांच्या कलमावर एवढा गदारोळ झाला, पण ते बाजूला पडल्यावर जी पोकळी राहिली तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मद्यपान करून गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश सापडला की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते, आणि मृत्यू झाला असेल तर त्याहून गंभीर गुन्ह्याची वाट मोकळी होते. मद्यांश मात्र तासागणिक उतरत असतो. जुलै २०२४मध्ये वरळीला मोटारीने एका महिलेला फरफटत नेले, त्या प्रकरणातला आरोपी दोन दिवसांनी हाती लागला; एवढ्या वेळाने घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातून काय कळणार? थांबणारा शुद्धीतला चालक आपला नमुना देतो आणि पळणारा झिंगलेला चालक सहा महिन्यांच्या कलमाच्या बदल्यात मोठ्या गुन्ह्याचा पुरावाच उतरू देतो. आपल्यासारख्या चालकांचा राग मला समजतो. पण आज कायद्याच्या या फटीचा फायदा आपल्याला होत नाही, त्याला होतो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. साताऱ्याच्या दक्षिणेला महामार्गावर त्याला कोणत्या तरी वाहनाने मागून उडवले आणि ते निघून गेले. दीड महिना झाला, पोलीस ‘अज्ञात वाहन’ एवढेच सांगतात. ज्याने माझ्या भावाला रस्त्यावर तसेच टाकले त्याच्यावर खुनाचा गुन्हा का लागत नाही? आणि तो सापडलाच नाही तर आम्ही काय करायचे?

उत्तर : ताई, खुनाला ठार मारण्याचा किंवा प्राणघातक इजा करण्याचा इरादा लागतो किंवा कृत्यात मृत्यू जवळजवळ अटळ आहे ही जाणीव लागते, आणि रस्त्यावरच्या अपघातात ते सिद्ध करणे फार दुर्मीळ. आपण ज्या दिशेने विचार करत आहात त्या दिशेचे कलम सदोष मनुष्यवधाचे आहे, म्हणजे न्याय संहितेचे कलम १०५. आपल्या कृत्याने मृत्यू होण्याचा संभव आहे याची जाणीव चालकाला होती असे ठरले, तर त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास होतो. ही जाणीव गाडी चालवतानाची असावी लागते. नंतर पळून जाण्याने ती आपोआप सिद्ध होत नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ रोजी पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, तेव्हा सत्र न्यायालयाने हयगयीच्या कलमाखाली सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने ते सदोष मनुष्यवधावर नेऊन तीन वर्षे केले आणि जानेवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या १९९९च्या प्रकरणाचा निकाल लागला. तेथे सहा जणांचा बळी गेला होता आणि चालक मदत न करता निघून गेला होता. न्यायालयाने त्या वागण्याची गंभीर दखल घेतली, सदोष मनुष्यवध कायम केला, तरीही भोगलेली शिक्षा पुरेशी मानून पन्नास लाख रुपये भरायला आणि दोन वर्षे समाजसेवा करायला सांगितले. ते पैसे कशासाठी वापरायचे होते? धडक देणारे वाहन न सापडलेल्या अपघातग्रस्तांसाठी. निकाल म्हणून तो मला आजही तोकडा वाटतो, पण पैशांची ती वाट न्यायालयाला सुचली हे खरे.

आता तपासाविषयी. प्रथम ठाण्यातून कागद घेऊन पाहा की अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल आहे, की नुसती अकस्मात मृत्यूची नोंद आहे. नोंदच असेल तर १०६(१), २८१ आणि मोटार वाहन कायद्याच्या १३४ व १८७ या कलमांखाली गुन्हा नोंदवण्याचा लेखी अर्ज ठाण्यात द्या, आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा. आनेवाडी आणि तासवडे या दोन टोलनाक्यांमधून त्या रात्री कोणती वाहने गेली याची वेळेसह नोंद फास्टॅगमुळे झालेली असते. ती आणि ढाबे, पंप, गॅरेज यांचे कॅमेरा चित्रण तपासले का, हे त्याच अर्जात विचारा. चित्रण पुसले जाते, दीड महिन्यात कदाचित पुसलेही गेले असेल, पण फास्टॅगची नोंद त्याहून टिकाऊ असते. पंचनाम्यात काचेचे तुकडे, रंगाचा पापुद्रा किंवा तुटलेला आरसा जप्त केल्याचे लिहिले आहे का तेही वाचा. दिव्याच्या काचेवर बनावटीची खूण असते आणि तिच्यावरून गाडीचा प्रकार कळू शकतो. वाहन सापडले नाही तर पोलीस काही काळाने ‘अ’ समरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा, अहवाल न्यायालयाला पाठवतात. त्याने प्रकरण कायमचे मिटत नाही. नवा धागा मिळाला तर तपास पुन्हा उघडता येतो.

आणि भरपाई. वाहन अज्ञात असतानाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१खाली मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२पूर्वी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे चौकशीसाठी जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत प्रथम खबरीची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे आणि बँकेचे पासबुक जोडावे. महिनाभर प्रयत्न करूनही वाहनाचा पत्ता लागला नाही तर या योजनेची माहिती वारसांना लेखी कळवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये ठाणे प्रमुखांना दिलेला आहे. आपल्याला असे पत्र आलेले दिसत नाही, ते मागा. पुढे वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पूर्ण भरपाईचा दावा करता येतो, आपण राहता त्या जिल्ह्यातही. त्यात मंजूर झालेल्या रकमेतून हे दोन लाख परत करावे लागतात. दाव्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलांना आत्ताच भेटून ठेवावे.

प्रश्न : माझ्या मोटारीच्या चालकाने रात्री एका पादचाऱ्याला धडक दिली व तो गाडी घरी लावून निघून गेला. मला दुसऱ्या दिवशी कळले. पादचारी दगावला आहे. नातेवाईक म्हणतात, गॅरेजमध्ये टाकून दुरुस्त करून घ्या आणि गप्प बसा; दुसरे म्हणतात, गावाकडचा एखादा माणूस चालक म्हणून उभा करा. (पुणे)

उत्तर : दोन्ही सल्ले आपल्याला साक्षीदाराच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेणारे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे, आणि तीही न दिल्यास कलम १८७ लागते. गाडी दुरुस्त करणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे, चालकाला लपवणे म्हणजे आसरा देणे आणि बदली चालक उभा करणे म्हणजे खोटी माहिती देणे; हे तीन वेगळे गुन्हे आहेत. चालक कामावर असताना हे घडले असेल तर भरपाईची दिवाणी जबाबदारी तशीही आपल्यावर येते, आणि विमा चालू असेल तर ती सहसा कंपनी उचलते. आज गाडी आहे तशी ठेवून, किल्ली घेऊन, वकिलांसह ठाण्यात जा. हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नये, म्हणून मी आपल्याला टपालानेही कळवले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. अशा अपघातात जखमीला मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील अशी धास्ती वाटते. ती खरी आहे का? (कुडाळ)

उत्तर : नाही. २०१९पासून मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे. स्वेच्छेने आणि सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकले तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही, आणि नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर नाही. आपण मात्र साक्ष द्यायला तयार असाल तर पळणाऱ्या वाहनाबद्दल जे दिसले ते तिथल्या तिथे मोबाइलवर बोलून ठेवा. पूर्ण क्रमांक वाचता आला नाही तर शेवटचे चार आकडे, गाडीचा रंग, मागच्या फळीवर रंगवलेले गावाचे किंवा देवाचे नाव, एक दिवा बंद होता का, आणि गाडी कोणत्या फाट्याला वळली.