बाबांचा कोरडा खोकला आणि बीपीची गोळी

प्रश्न: डॉक्टर, बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे, दोन महिन्यांपूर्वी बीपीसाठी रामिप्रिल ५ सुरू झाली. बीपी आता १२८/८० च्या आसपास असतं पण तीन आठवडे झाले कोरडा खोकला लागलाय, कफ अजिबात नाही, रात्री आडवं झालं की घशात पीस अडकल्यासारखं होतं आणि उठून बसतात. दोन सिरप संपली, हळदीचं दूध झालं, एक्स-रे पण क्लिअर आला. बाबा म्हणतात बीपी नॉर्मल झालंय ना, मग गोळीच बंद करतो. काय करू?
— एक लेक, सांगली

उत्तर: ताई, गोळी मनाने बंद करू देऊ नका. बीपी नॉर्मल आलंय ते गोळी चालू आहे म्हणून. आणि शुगरवाल्यांना ही गोळी नुसती बीपीपुरती नसते, २००० साली होप नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात ५५ च्या पुढचे, हृदयविकार किंवा शुगर असलेले नऊ हजारांवर लोक होते आणि रामिप्रिल घेणाऱ्यांमधे हार्ट अटॅक, स्ट्रोक दोन्ही कमी झाले.

आता खोकला. तो बहुतेक गोळीचाच आहे. ही गोळी एसीई नावाचं एन्झाइम अडवते, त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, पण तेच एन्झाइम ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडतं, तो साठला की घसा सारखा खवखवतो, म्हणून सिरपने काही फरक पडत नाही. सहा-सहा महिने सिरप पीत बसलेले पेशंट मी पाहिलेत, फार वाईट वाटतं, कारण उपाय साधा आहे, गोळी बदलणं.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, गोळीची स्ट्रिप न्या आणि खोकला कधी सुरू झाला ती तारीख सांगा. बहुतेक टेल्मिसार्टनसारखं काहीतरी देतील, त्याने खोकला क्वचितच होतो आणि हार्टसाठी ती रामिप्रिलच्या तोडीची आहे हे २००८ च्या अभ्यासात दिसलंय. नवी सुरू झाली की जुनी बंद, दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. खोकला लगेच थांबणार नाही हं, एक ते चार आठवडे जातात, कधी जास्तही.

घरात लो सोडियम मीठ वापरत असाल तर तेही सांगा, त्यात पोटॅशियम असतं आणि या दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, क्रिएटिनिन म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीबरोबर तेही तपासून घ्या. आणि कधी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी न देता बाबांना थेट इमर्जन्सीत न्या, सकाळची वाट बघू नका.