एडिंबरातला पहिला जानेवारी

अरे, डिसेंबर निभावतो. खरी कसोटी नाताळची रोषणाई उतरल्यावर लागते. जानेवारीच्या सुरुवातीला इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडच, आभाळ भरलेलं असलं तरी. तो उजेडही ऑफिसातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. टोपीचं जाकीट घे; छत्री इथला वारा उलटी करून टाकतो.

ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवाल्यांनी ती वर्षभर घ्यावी, असं इथली सरकारी आरोग्यसेवाच सुचवते. 10,000 लक्स इतक्या प्रखर उजेडाचा दिवा मिळतो, तो सकाळी चहा पिताना अर्धा तास समोर ठेव. (डोळ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.)

घरी फोन दुपारीच कर. संध्याकाळी सहाला घर खायला उठतं, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आई झोपलेली असते. संक्रांतीला तिळाच्या वड्या थाप, चार जणांना बोलाव. वड्या फसल्या तरी लोक येतात.

पण दोनेक आठवडे अंथरुणातून उठवतच नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, तर सरळ जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घे. थंडीच्या नावावर अंगावर काढू नकोस.