उसातली काणी आणि पन्हाळ्याच्या तटावरचे नेचे

प्रश्न : आमच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात) काही बेटांच्या शेंड्यातून काळी, वाकलेली छडी निघाली आहे. मोडून बांधावर टाकली, तर त्याच बेटाला पुन्हा आली. काय करावे?
(शेतकरी वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : ही चाबूक काणी, उसाचा बुरशीचा रोग. छडीवर आधी पातळ, चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला की आतली काजळीसारखी भुकटी वाऱ्यावर सुटते. तिचा कण न कण म्हणजे बुरशीचा बीजाणू. एका छडीत असे कोट्यवधी असतात. बीजाणूचे कवच जाड, त्यामुळे कोरड्या मातीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. उसाच्या डोळ्यावर (कांडीवर जिथून कोंब फुटतो तिथे) पडून ओल मिळाली की रुजतो, बुरशी आत शिरते आणि कोंबाबरोबर वाढत शेंडा गाठते. छडी मोडली तरी बुरशी बेटातच राहते, म्हणून ती परत आली. बांधावर टाकलेल्या छडीची भुकटी तर शेजारच्या रानातही जाते.

सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना जा. छडीवर वरून प्लॅस्टिकची पिशवी किंवा ओले पोते घाला, खाली तोंड आवळा, मगच विळा लावा. मग अख्खे बेट मुळासकट खणून छडीसह जाळा. पापुद्रा फाटण्याआधी छडी सापडली तर निम्मे काम झाले, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी सऱ्यांतून फिरा. गवतासारखे बारीक फुटवे आणि अरुंद, ताठ पाने दिसतील तिथे आधी बघा.

दहात एकापेक्षा जास्त बेटे काणीची निघाली, तर पुढचा निडवा (खोडव्यानंतरचे पीक) ठेवू नका. या रानातली एकही टिपरी (लावणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा) बेण्याला नको. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक घेऊन टिपऱ्या १०-१५ मिनिटे बुडवल्या की वरचे बीजाणू मरतात, पण डोळ्याच्या आतल्या बुरशीसाठी तेवढ्यावर विसंबू नये. ती मारायला टिपऱ्यांना उष्ण, बाष्पयुक्त हवेची प्रक्रियाच द्यावी लागते : ५४ अंश सेल्सिअस, १५० मिनिटे. तापमान कमी पडले तर बुरशी वाचते, चढले तर डोळे मरतात. घरी हे साधत नाही. अशी प्रक्रिया झालेल्या बेणेमळ्यातलेच ९ ते ११ महिन्यांचे बेणे आणा.

प्रश्न : पन्हाळ्याच्या तटात, दगडांच्या फटींत पावसाळ्यात नेचे उगवतात. त्यांना ना फूल, ना बी. मग ते तिथे पोचतात कसे?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तेही बीजाणूंमुळेच. पान उलटून बघ, खाली तपकिरी ठिपके दिसतील; ते बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. पिशवी वाळताना झटक्यात उघडते आणि बीजाणू उडवते. फटीत पडलेल्या बीजाणूतून लगेच नेचा येत नाही. आधी नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा वाढतो. त्याच्यावर पाण्याचा थर असेल तरच शुक्राणू पोहत अंड्यापर्यंत जातात आणि खरा नेचा फुटतो.

करून बघायचे असेल तर ठिपके गडद झालेले पान ठिपक्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर दोन दिवस ठेव, पंखा बंद. माती उकळत्या पाण्याने भिजवून थंड होऊ दे, मग कागदावर पडलेली भुकटी तिच्यावर पसर, वर काच ठेव. माती अशी न भिजवता घेतलीस तर शेवाळ आणि बुरशी आधी माजतात. हिरवे पापुद्रे दिसायला काही आठवडे लागतील. दिसले की हलके पाणी शिंपडत राहा.