तिथे कोणी ओळखीचे भेटले तर?

दारू सोडू इच्छिणाऱ्या व्यक्तीला मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू थांबवू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘ए.ए.’ या संघटनेच्या, सभेला जाण्यास सुचवते, तेव्हा पुष्कळदा पहिला प्रश्न येतो तो असा: “मॅडम, तिथे कोणी ओळखीचे भेटले तर?” अलीकडे तो इतक्या जणांनी विचारला, की एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडते आहे.

हे गृहस्थ चार महिने माझ्याकडे समुपदेशनासाठी नियमित येत होते. रोजचे पिणे असल्यामुळे मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले होते, आणि हे मी प्रत्येकालाच आग्रहाने सांगते. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू बंद करू नये, कारण पहिल्या काही दिवसांत हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत आणि भास होण्यापर्यंत त्रास वाढू शकतो व तो जिवावरही बेतू शकतो. तो टप्पा औषधोपचारांनी पार पडला, तरी पुढे दोनदा घसरण झाली. सभेला जायचे म्हणून ते तीन आठवडे लागोपाठ फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

मनातला विचार तपासून पाहिला की भीतीचा जोर ओसरतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी विचारले, “समजा, ओळखीचे कोणी भेटलेच, तर ते तिथे कशासाठी आलेले असतील?”

“माझ्यासारखेच.”

“मग बाहेर जाऊन ते काय सांगतील?”

ते हसले, त्यांना पटले, आणि चौथ्या आठवड्यातही ते फाटकावरूनच परतले.

मग मी समजावणे थांबवले. ए.ए.च्या हेल्पलाइनचा क्रमांक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “इथूनच फोन करा, मी शेजारी बसते.” पलीकडच्या व्यक्तीने नाव, हुद्दा, पत्ता यांपैकी काहीच विचारले नाही. “दारू थांबवायची इच्छा आहे ना? मग या. सभेच्या दहा मिनिटे आधी मी दारात उभा राहतो,” एवढेच उत्तर आले. ए.ए.च्या परंपरेत सभासदत्वाची अट खरोखर तेवढीच आहे.

पुढच्या सत्राला ते खुर्चीत टेकण्यापूर्वीच बोलू लागले. “मॅडम, मी शेवटच्या रांगेत बसलो. आज फक्त ऐकतो म्हटलं, कुणी आग्रह केला नाही. मग एक जण सांगू लागले, की ते बाटलीवर पेन्सिलीने खूण करायचे, आज इथपर्यंतच म्हणून. आणि रात्री तीच खूण ओल्या बोटाने पुसून खाली दुसरी करायचे.” ते बराच वेळ थांबले. “माझी पेन्सिल अजून कपाटात आहे.”

चार महिन्यांत त्यांनी मला किती, कधी आणि कोणाबरोबर प्यायचे ते सारे सांगितले होते. पेन्सिल सांगितली नव्हती, आणि मला ती विचारायला सुचलीही नसती. ज्याला ते ओळख उघड होण्याची भीती म्हणत होते, तिच्या तळाशी ही पेन्सिल होती. आपण करतो ते इतके लाजिरवाणे आहे की दुसरे कोणीच तसे करत नसेल, असा त्यांचा समज होता. माझ्यासारख्या न पिणाऱ्या व्यक्तीच्या नेमक्या प्रश्नानेही असा समज हलत नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आपली पेन्सिल आधी दाखवावी लागते. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात ए.ए.चा आरंभ झाला तोही असाच. व्यवहार फसल्याने पुन्हा पिण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या बिल या तिच्या एका संस्थापकांनी फोन करकरून दुसरा पिणारा माणूस शोधला, आणि पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटलेले डॉ. बॉब त्यांच्याशी कित्येक तास बोलत बसले. आमच्या चार महिन्यांच्या कामाशिवाय हे गृहस्थ त्या फोनपर्यंत पोहोचले नसते, असे मात्र मला आजही मनापासून वाटते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे. खुल्या सभेला कोणीही जाऊ शकते, कुटुंबीयसुद्धा. बंद सभा फक्त दारू थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी असते. शुल्क नसते, ऐच्छिक वर्गणी फिरते, आणि नवख्याने काही टाकले नाही तरी चालते. पूर्ण नाव सांगावे लागत नाही. ईश्वराचा उल्लेख येतो, पण आपापल्या समजुतीप्रमाणे. तेही जड जात असेल तर १९९४ पासून चालणारे, ईश्वराच्या कल्पनेवर न बेतलेले ‘स्मार्ट रिकव्हरी’चे गट आहेत. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून एका सभेवरून निर्णय न करता निदान चार-पाच सभा, शक्यतो निरनिराळ्या गटांच्या, अनुभवून पाहाव्यात. बाहेर पडणेही जमत नसेल तर ऑनलाइन सभेत कॅमेरा बंद ठेवून ऐकण्यापासून सुरुवात करता येते. मध्येच घसरण झाली तरी सभेला जाणे सोडू नये. त्या दिवशी तर जावेच.

काही महिन्यांनी ते पत्नीला घेऊन आले. त्यांना मी ‘अल-अनॉन’विषयी सांगितले. व्यसनी व्यक्तीच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेले हे वेगळे गट आहेत, आणि घरातल्या माणसाची दारू सुटलेली असो वा नसो, त्यांना तिथे जाता येते. त्या थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या आणि म्हणाल्या, “पण मॅडम, तिथे कोणी ओळखीचे भेटले तर?”

उत्तर देण्याचे काम मी त्यांच्या यजमानांवर सोपवले.