थिनर, टॉल्युइन, ॲसिटोन आणि एमटीओ यांत फरक काय, आणि लहान गाळ्यात ते कसे हाताळावेत?

आपण लिहिले आहे की भाड्याच्या गाळ्यात लाकडी फर्निचरवर लॅकर आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश फवारण्याचे काम आपण सुरू केले आहे. दुकानदाराने थिनर, टॉल्युइन, ॲसिटोन आणि एमटीओ असे चार कॅन दिले आहेत, आणि ते एकमेकांऐवजी चालतील का, असे आपण विचारता. शिवाय 'वास अंगवळणी पडला की त्रास होत नाही' हे कारागिरांचे म्हणणे खरे आहे का, हाही आपला प्रश्न आहे. रंग तयार करणाऱ्या कारखान्याच्या उत्पादन विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक निकडीचे असल्यामुळे ते आधी देतो.

कारागिरांचे म्हणणे खरे नाही. टॉल्युइनचा वास सुरुवातीला तीव्र येतो, पण काही मिनिटांतच नाकाची संवेदना थकते आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो. हवेतील वाफ मात्र तेवढीच असते किंवा वाढलेली असते. संध्याकाळी डोके जड होणे, चिडचिड होणे, जेवणावरची वासना उडणे ही 'कामाची दगदग' नसून बहुतेक वेळा टॉल्युइनचा मेंदूवरील परिणाम असतो. वर्षानुवर्षे असेच चालू राहिले तर स्मरणशक्ती आणि ऐकण्याची क्षमता यांवर परिणाम होतो, आणि गर्भवती स्त्रीने तर त्या हवेत थांबूच नये.

आता फरकाविषयी. एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) हा पेट्रोलियमपासून मिळणारा, सावकाश उडणारा द्रावक (सॉल्व्हंट) असून तो ऑइल पेंट आणि एनॅमल पातळ करण्यासाठी वापरतात. दुकानात त्याला सर्रास टर्पेंटाइन म्हणतात, पण खरे टर्पेंटाइन चीड (पाइन) वृक्षाच्या राळेपासून काढतात. टॉल्युइन अनेक रेझिन (रंगाचा थर धरवणारे राळेसारखे पदार्थ) चांगले विरघळवतो, म्हणून तो शाई, रबर-सोल्युशन, चप्पल-बुटांचा गोंद आणि बहुतेक थिनरांत सापडतो. ॲसिटोन अतिशय झपाट्याने उडतो आणि पाण्यातही मिसळतो. फायबर-रेझिनची अवजारे धुण्यास तो उत्तम आहे, पण लॅकरमध्ये तो जास्त घातला तर दमट हवेत पृष्ठभाग एकदम थंड होऊन त्यावर पाणी जमते आणि पॉलिश पांढरे पडते.

थिनर हा एक पदार्थ नसून ते मिश्रण आहे, आणि त्याची ठरलेली कृती नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरमध्ये टॉल्युइन, एस्टर, कीटोन आणि अल्कोहोल असे निरनिराळे घटक असतात, तर पीयू थिनरमध्ये अल्कोहोल असता कामा नये, कारण हार्डनरमधील (पीयू कडक करणाऱ्या घटकातील) आयसोसायनेट हे रसायन त्याच्याशीच अभिक्रिया करून बसते आणि फिल्म नीट कडक होत नाही. त्यामुळे हे कॅन एकमेकांऐवजी चालत नाहीत. स्वस्त सुट्या थिनरमध्ये अनेकदा मेथॅनॉल हे विषारी अल्कोहोल घातलेले असते, ही माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली, ती मेथॅनॉलमिश्रित दारूमुळेच. विकत घेताना प्रत्येक कॅनसाठी एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक, मागावे. जो विक्रेता ते देत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये.

या माहितीपत्रकात फ्लॅश पॉइंट आधी पाहावा. ज्या तापमानाला द्रावकातून पेटण्याइतकी वाफ निघू लागते, ते हे तापमान. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट सुमारे उणे 20 अंश सेल्सिअस, टॉल्युइनचा सुमारे 4 अंश, तर एमटीओचा साधारणपणे 30 ते 40 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या थंडीतही पहिले दोन सदैव पेटण्याच्या तयारीत असतात, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली एमटीओही त्यांच्या पंक्तीत येऊन बसतो.

परंतु मला आपल्या मनावर ठसवायचे आहे ते हे की आपण सांभाळायची गोष्ट कॅनमधला द्रव नसून गाळ्यातली हवा आहे. एक हिशेब करून पाहा. एक लिटर टॉल्युइन पूर्ण उडाले की त्याची सुमारे 230 लिटर वाफ होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बंद खोलीत सुमारे 28,000 लिटर हवा असते, त्यामुळे वाफेचे प्रमाण 0.8 टक्क्यांवर, म्हणजे 8,000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 8,000 भाग) वर जाते. टॉल्युइनची वाफ हवेत सुमारे 1.1 टक्के झाली की ठिणगीने पेट घेते, म्हणजे एका लिटरनेच आपण त्या टप्प्याच्या बरेच जवळ पोहोचलो. श्वासापुरता विचार केला तर औद्योगिक आरोग्यक्षेत्रातील एसीजीआयएच ही अमेरिकी संस्था आठ तासांच्या कामासाठी टॉल्युइनची मर्यादा 20 पीपीएम सांगते. त्या खोलीतील हवा मर्यादेच्या चारशे पट झाली, आणि त्या एका लिटरसाठी तशा चारशे खोल्यांइतकी ताजी हवा आत आली पाहिजे. एक शटर अर्धे उघडे ठेवून हे होत नाही.

शिवाय टॉल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. सांडलेल्या द्रावकाची वाफ जमिनीवरून पसरत जाऊन दूरच्या देवघरातील दिव्याला, वेल्डिंगच्या ठिणगीला किंवा शेजारच्या गाळ्यातील शेगडीला गाठते आणि ज्योत उलटी धावत मूळ जागी येते. म्हणून छताजवळचा पंखा पुरेसा नाही. फवारणीच्या जागेमागे, जमिनीलगत एक्झॉस्ट बसवावा, ताजी हवा समोरच्या बाजूने येऊ द्यावी आणि कारागीर त्या दोहोंच्या मध्ये असा उभा राहावा की हवा त्याच्या पाठीकडून येऊन वाफेला पुढे नेईल. पंख्याची मोटर आणि बटणे फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारी) असावीत, कारण साध्या बटणातही ठिणगी पडते.

ठिणगीचा विषय निघाला आहे, तर एक प्रसंग सांगतो. मी नोकरीस असलेल्या एका कारखान्यात डिसेंबरच्या कोरड्या हवेत एक हेल्पर ड्रममधून टॉल्युइन प्लास्टिकच्या कॅनमध्ये उंचावरून ओतत होता. जवळपास कोणतीही आग नव्हती, तरी कॅनच्या तोंडाशी भडका उडाला आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. टॉल्युइनमधून वीज सहज वाहून जात नाही, त्यामुळे तो वाहताना किंवा पडताना स्थिर विद्युतभार साठत जातो आणि प्लास्टिकच्या भांड्याला अर्थिंग करता येत नसल्याने तो निघूनही जात नाही. त्या दिवसापासून मी धातूच्या कॅनचाच आग्रह धरला: ड्रम आणि कॅन तांब्याच्या तारेच्या क्लिपने जोडावेत, ड्रमला अर्थिंग द्यावे, नळी कॅनच्या तळापर्यंत न्यावी आणि सावकाश भरावे. नळी तोंडाने ओढून द्रावक काढण्याची सवय तर आजच बंद करावी, कारण त्याचे काही थेंब जरी फुफ्फुसात गेले तरी न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो.

कारागीर काम संपल्यावर थिनरने हात धुतात. त्याने कातडीवरील तेलकट थर निघून जातो, भेगा पडतात आणि टॉल्युइन कातडीतूनही शरीरात शिरतो. हातावरचा ऑइल पेंट खोबरेल तेल चोळून आणि मग साबणाने निघतो. हातमोज्यांविषयी गैरसमज फार आहेत. दवाखान्यातले पातळ लेटेक्सचे मोजे येथे निरुपयोगी आहेत. नायट्राइल एमटीओसाठी चांगले, पण ॲसिटोन त्यांतून लवकर पार होतो, म्हणून त्याच्यासाठी ब्युटाइल रबरचे घ्यावेत. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधणे म्हणजे वाफेपुरते काहीच न बांधणे. फवारणीसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्यावा आणि कार्ट्रिज वास येईपर्यंत न थांबता ठरलेल्या वेळी बदलावे. ॲसिटोन आणि मेथॅनॉल अशा कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रावकांपुढे ते फार काळ टिकत नाही, हे विसरू नये. आयसोसायनेट असलेल्या पीयूसाठी हार्डनरच्या पुरवठादाराला मास्कविषयी वेगळे विचारावे.

साठवणुकीत किमान इतके पाळावे: गाळ्यात दिवसापुरताच माल, बाकी वेगळ्या, हवेशीर, कुलुपातल्या जागेत, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही. परवान्याचे नियम पेट्रोलियम कायद्याखाली असून त्यांचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल 'क्लास ए'मध्ये मोडतो, त्यामुळे मोठा साठा करण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. आगीसाठी ड्राय पावडरचे उपकरण आणि वाळूच्या बादल्या दाराशी ठेवाव्यात, कारण पाण्याचा झोत टॉल्युइनला विझवत नाही, पसरवतो. रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमहूनही घातक समजावा. त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणून गॅसकटरने कापण्यासाठी तो भंगारवाल्याला तसाच देऊ नये.

कोणी गाळ्यात बेशुद्ध दिसला तर आत धाव घेऊ नका. आधी शटर पूर्ण उघडा, बाहेरून हाक मारा, मुख्य वीजपुरवठा गाळ्याबाहेरून तोडता येत असेल तरच तोडा, आतल्या बटणांना हात लावू नका आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवा. द्रावक गिळलेल्या माणसाला उलटी करायला लावू नका. कॅनवरचे लेबल सोबत घेऊन त्याला थेट रुग्णालयात न्या, म्हणजे पोटात काय गेले आहे हे डॉक्टरांना लगेच कळेल.