मुद्रणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि ‘गळचेपी’

प्रश्न असा आहे : ‘प्रेस’च्या स्वातंत्र्याला मराठीत नेमके काय म्हणावे? मुद्रणस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य की माध्यमस्वातंत्र्य? आणि आपल्या संविधानात यांपैकी कोणता शब्द आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. एकही नाही. अनुच्छेद 19(1)(क) सर्व नागरिकांना ‘भाषण व अभिव्यक्ती यांच्या स्वातंत्र्याचा’ हक्क देतो. त्यात वृत्तपत्र नाही, छापखानाही नाही. संविधानसभेत काही सदस्यांनी वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख मागितला होता. त्यावर 1948 साली डॉ. आंबेडकरांचे म्हणणे पडले, की वृत्तपत्र म्हणजे नागरिकाचेच दुसरे रूप, संपादक किंवा व्यवस्थापक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो, त्यामुळे वेगळी तरतूद नको. शब्दाचा अर्थ ठरवताना हा धागा सोडायचा नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्य ही वृत्तपत्रांना दिलेली सवलत नव्हे.

आता तिन्ही शब्द. ‘मुद्रणस्वातंत्र्य’ अर्थाने सर्वांत थोरला. इंग्रजीतला ‘प्रेस’ मुळात दाबयंत्र, म्हणजे छापण्याचे यंत्रच. स्वीडनच्या 1766 च्या प्रसिद्ध कायद्याच्या नावातही शब्दशः ‘मुद्रणस्वातंत्र्य’ आहे. सत्तेचा डोळा तेव्हा लेखावर जितका, तितकाच यंत्रावर होता, कारण यंत्र जप्त करणे सोपे. आपल्याकडे 1878 च्या देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांच्याकडून हमीपत्र व तारण घेण्याचा आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचा रस्ता काढला (इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती, हे वेगळे सांगायला नको). 1910 च्या कायद्याने तर नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपये अनामत घेण्याची सोय केली. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टाइपात ‘मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक येथे छापून प्रसिद्ध केले’ अशी ओळ असते. ती 1867 च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यापासूनची. कोणाला धरायचे ते ही ओळ सांगते. मुद्रक आणि प्रकाशक ही दोन वेगळी पदे का, तेही यावरून कळते : यंत्राची जबाबदारी एकाची, बाजारात आणण्याची दुसऱ्याची. म्हणून जुन्या काळाविषयी किंवा छपाईवरच्या बंधनांविषयी लिहीत असाल तर ‘मुद्रणस्वातंत्र्य’ अचूक. आजच्या बातमीदारीविषयी तो तोकडा पडतो.

‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ रुळलेला आहे आणि सर्वसाधारण लेखनात मी तोच सुचवेन. वाहिन्या आणि संकेतस्थळे धरून बोलायचे असेल तर ‘माध्यमस्वातंत्र्य’. मात्र शिक्षणाविषयीच्या मजकुरात तो घोटाळा करतो. वाचकाला आधी मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम आठवते. तिथे ‘प्रसारमाध्यमांचे स्वातंत्र्य’ असे सोडवून लिहावे. ‘पत्रस्वातंत्र्य’ कोणी सुचवू नये, ते टपालखात्याचे वाटते.

खरी गंमत मात्र या स्वातंत्र्याच्या उलट बाजूच्या शब्दांत आहे. ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ आपण एकासाठी दुसरा वापरतो, पण दोन्हींतली कृती वेगळी आहे. मुस्कट दाबले की तोंडातून शब्दच फुटत नाही. गळा चेपला तर तोंड उघडे असते, पण श्वास तुटतो. कायद्याच्या इतिहासात या दोन्हींना चपखल बसणारी प्रकरणे आहेत.

1950 साली दिल्लीत ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकाला ठराविक मजकूर छापण्याआधी तपासून घेण्याचा आदेश निघाला. प्रसिद्धीपूर्व तपासणी म्हणजे शुद्ध मुस्कटदाबी. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास राज्यात घातलेली प्रवेशबंदी उठली. तिथे छापायला मनाई नव्हती, पोचवायला होती. याला मराठीत ‘नाकेबंदी’ म्हणावे. न्यायालयाचा मुद्दा असा, की वितरण नसेल तर प्रकाशनाला अर्थ उरत नाही.

गळचेपीचा नमुना ‘सकाळ’चा. केंद्राच्या 1956 च्या कायद्याने आणि 1960 च्या आदेशाने दैनिकाची किंमत पानांच्या संख्येला बांधली. पाने वाढवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करा. शिवाय पुरवण्यांवर बंधन, आणि जाहिरातींना किती जागा द्यायची ते ठरवण्याचे अधिकारही सरकारकडे. मजकुराच्या एकाही शब्दाला कोणी हात लावला नव्हता. तरीही 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले, कारण किंमत वाढली की खप घटतो आणि पाने कमी झाली की मजकूर घटतो. सरकारचा युक्तिवाद होता, की हे धंद्याचे नियमन आहे आणि लहान पत्रांना वाचवण्यासाठी, लोकहितासाठी केले आहे. इथे कायद्याची शब्दयोजना निर्णायक ठरली. धंद्याच्या स्वातंत्र्यावर, म्हणजे 19(1)(छ) वर, जनहितासाठी निर्बंध घालता येतात. अभिव्यक्तीवर मात्र 19(2) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठीच : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. या यादीत ‘लोकहित’ नाही. ‘लोकहितासाठी वृत्तपत्रांवर वाजवी निर्बंध’ असे वाक्य अग्रलेखातही सर्रास दिसते. ऐकायला भारदस्त, पण कायद्याच्या दृष्टीने चूक. ‘वाजवी’ हे विशेषण आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ ही दोन्ही 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली.

पुढे 1972 मध्ये वृत्तपत्री कागदाच्या धोरणातली 10 पानांची कमाल मर्यादाही अशीच रद्द झाली. कागद, टपालदर, सरकारी जाहिराती यांच्या मार्गाने येणारा दाब लिहिताना ‘गळचेपी’ वापरा; ‘मुस्कटदाबी’ तिथे अतिशयोक्त वाटते आणि सरकारला ‘आम्ही कुठे काय छापू नका म्हटले?’ असे म्हणायला वाव मिळतो.

‘सेन्सॉर’साठी सरकारी मराठीत ‘परिनिरीक्षण’ आहे. नाटकांच्या मंडळाच्या नावात तो शब्द पाहिला असेल. बातम्यांबाबत ‘प्रसिद्धीपूर्व तपासणी’ जास्त स्पष्ट, कारण त्यात ‘पूर्व’ येते. कळीचा भेद तोच आहे : छापून झाल्यावर बदनामीचा खटला भरणे वेगळे, आणि छापूच न देणे वेगळे. ‘मुभा’ आणि ‘मोकळीक’ हे शब्द मात्र टाळा. मुभा कोणीतरी देतो आणि दिलेली काढूनही घेतो. स्वातंत्र्य ‘स्वतंत्र’वरून आले, स्वतःच्या तंत्राने चालण्यावरून, त्यात देणारा गृहीत नाही.

शेवटी लेखनाचे. हे सामासिक शब्द जोडूनच लिहायचे. ‘वृत्तपत्र स्वातंत्र्य’ असे तोडू नये. ‘अभिव्यक्ती’ एकटा असताना दीर्घ, पण समासात पूर्वपद म्हणून आला की तत्सम शब्दाच्या नियमाने ऱ्हस्व : अभिव्यक्तिस्वातंत्र्य, जसे भक्तिमार्ग, शक्तिपात. ‘आविष्कारस्वातंत्र्य’ साहित्यचर्चेत चालते, पण हिंदीच्या संगतीने आता पुष्कळांना ‘आविष्कार’ म्हणजे शोध वाटतो. आणि ‘स्वातंत्र्य’मध्ये ‘त्र’ला ‘य’ जोडलेला आहे. फलकांवर आणि मोबाइलवरच्या मजकुरात ‘स्वातंञ्य’ असा ‘ञ’ घुसतो, तो दिसायला ‘त्र’सारखा असला तरी चवर्गातला अनुनासिक आहे.