‘लेखाजोखा’, ‘आत्मपरीक्षण’ आणि कर्त्याचा प्रश्न

विचारणा अशी आहे. वर्षअखेरच्या उपासनेसाठी एका ख्रिस्ती मंडळीच्या पत्रकात “सरत्या वर्षाचा लेखाजोखा मांडून देवाच्या न्यायासमोर नम्र होऊ या” असे वाक्य लिहिले गेले. मसुदा वाचणाऱ्यांपैकी एकाला ‘लेखाजोखा’ हा शब्द व्यापारी वाटला आणि त्याने तेथे ‘आत्मपरीक्षण’ सुचवले. दुसऱ्याच्या मते ‘आत्मनिरीक्षण’ अधिक सौम्य आहे. तिसऱ्याला ‘नम्र’ऐवजी ‘लीन’ हवा आहे. यांतले योग्य काय, आणि या शब्दांत खरोखर काही फरक आहे का, असे विचारले आहे.

फरक आहे, आणि तो केवळ अर्थच्छटेचा नाही. पाहणारा, मोजणारा आणि ठरवणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर यांतला प्रत्येक शब्द वेगळे देतो. ख्रिस्ती उपासनेच्या संदर्भात तर तोच मुख्य प्रश्न असल्यामुळे या वाक्याचा इतका बारकाईने विचार करणे मला आवश्यक वाटते.

‘लेखाजोखा’ हा शब्द व्यापारी आहे हे खरे, पण तेवढ्यासाठी तो अपात्र ठरत नाही. यातला ‘लेखा’ म्हणजे लिहून ठेवलेला हिशेब हे सहज कळते. ‘जोखा’ मात्र आपण नुसता जोडीला आलेला शब्द समजतो, जसा ‘भाकरीबिकरी’मधला ‘बिकरी’. प्रत्यक्षात तो ‘जोखणे’ या क्रियापदाचा आहे, आणि जोखणे म्हणजे तोलून पाहणे. ‘समोरच्याची ताकद जोखली’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा मनातल्या मनात तराजूच धरलेला असतो. म्हणजे या एका शब्दात वही आणि तागडी ही दोन्ही साधने आहेत : आधी मोजून लिहायचे आणि मग तोलायचे.

आता बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय आठवून पाहावा. बेलशस्सर राजाची मेजवानी रंगात आलेली असताना मनुष्याच्या हाताची बोटे दिसतात आणि ती दिव्यासमोरच्या भिंतीच्या गिलाव्यावर ‘मने, मने, तकेल, ऊफारसीन’ ही अक्षरे लिहितात. दानीएल राजाला त्यांचा उलगडा करून सांगतो. ‘मने’ या शब्दामागे अरामी भाषेतले मोजण्याचे क्रियापद आहे आणि ‘तकेल’मागे तोलण्याचे. तुझ्या राज्याचे दिवस मोजले गेले आहेत आणि तुला तागडीत तोलल्यावर तू उणा भरला आहेस, असा त्याचा आशय आहे. भिंतीवरचे पहिले दोन वेगळे शब्द म्हणजे मराठीतले अनुक्रमे लेखा आणि जोखा! इतका नेमका प्रतिशब्द भाषेत आधीपासून पडून असावा, याचा मला फार आनंद वाटतो.

परंतु याच प्रसंगाने पत्रकातल्या वाक्याची अडचणही उघड होते. त्या दालनात बेलशस्सर स्वतःचा लेखाजोखा मांडत नव्हता; तो मांडला गेला, आणि राजाला तर तो वाचताही आला नाही. ‘लेखाजोखा मांडून’ असे आपण लिहितो तेव्हा मांडणारे आपण होतो. वही आपल्या हातात येते, आणि ज्याच्या हातात वही असते त्याला जमेची बाजू भरत राहण्याचा मोह आवरत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, नेमके हेच करतो : आठवड्यातून दोनदा उपास, सर्व मिळकतीचा दशमांश, शिवाय दूर उभ्या असलेल्या जकातदाराशी तुलना. त्याच्या हिशेबात खोटी नोंद एकही नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट इतकी अस्वस्थ करते. जकातदाराकडे मांडायला काहीच नाही. तो वर पाहण्यासही धजत नाही, ऊर बडवतो आणि ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच म्हणतो. म्हणून ‘लेखाजोखा’ शब्दाला माझी हरकत नाही; हरकत आहे ती ‘मांडून’ला, कारण त्या पूर्वकालवाचक रूपाचा कर्ता आपण ठरतो.

‘आत्मनिरीक्षण’ आणि ‘आत्मपरीक्षण’ या दोन्हींत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा एकच धातू आहे. अपेक्षा, उपेक्षा आणि प्रतीक्षा याच कुळातल्या आहेत. निरीक्षण म्हणजे लक्षपूर्वक पाहणे. त्यात निकालाची अट नसते. माणूस आकाशाचेही निरीक्षण करतो आणि आकाश उत्तीर्ण झाले की नापास, असे कोणी विचारत नाही. तो शब्द सौम्य वाटतो त्याचे कारण हेच, आणि येथे तो अपुरा पडतो त्याचेही कारण हेच.

‘परीक्षण’ शब्दात पाहण्यासोबत कस येतो. ‘परीक्षा’ याच शब्दापासून झिजत झिजत आपला ‘पारख’ हा शब्द आला आहे, म्हणून परीक्षण म्हणजे पारखणे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःला पारखावे असे ख्रिस्ताचा प्रेषित पौल सांगतो. तेथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद धातूचा खरेपणा तपासण्यासाठीही वापरले जाई. सोनार दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासतो, दगडावर एक बारीक पिवळी रेघ उमटते आणि त्या रेघेवरून तो सोन्याचा कस ठरवतो. या साऱ्या कृतीत सोन्याने करायचे काम एकच असते : दगडाला लागणे. सोने स्वतःचा कस सांगू शकत नाही.

येथे समासाचा विग्रह उपयोगी पडतो. ‘आत्मपरीक्षण’ म्हणजे स्वतःचे परीक्षण की स्वतः केलेले परीक्षण? पहिल्या अर्थी ‘आत्म’ हे कर्म आहे, दुसऱ्या अर्थी कर्ता. नेहमीच्या वापरात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले असतात आणि त्याने काही बिघडत नाही. बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्राचा शेवट मात्र हे दोन अर्थ स्पष्टपणे वेगळे करतो, कारण तेथे भक्त ‘मी स्वतःला तपासतो’ असे म्हणत नाही, तर ‘देवा, तू मला पारख, माझे हृदय जाणून घे’ अशी विनंती करतो. पौल याच्याही पुढे जातो. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो त्याचा आशय असा : माझे मन मला कशाविषयीही टोचत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही; माझा न्याय करणारा प्रभू आहे. स्वच्छ वाटणाऱ्या मनालाही अंतिम निकाल देण्याचा अधिकार नाही, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य मला ठाऊक नाही.

साधनेच्या परंपरेतही हा क्रम जपलेला दिसतो. येशूसंघ या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. त्यांत दिवसाचा हिशेब तिसऱ्या पायरीवर येतो. त्याआधी देवाचे आभार मानायचे असतात आणि आपली पापे ओळखता यावीत म्हणून त्याची कृपा मागायची असते. तपासायचे घर आपले असले, तरी दिवा दुसऱ्याकडून मागून आणायचा आहे.

‘न्याय’ या शब्दाविषयी थोडेच सांगतो. मराठीत ‘मला न्याय मिळाला’ आणि ‘माझा न्याय झाला’ या वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात निकाल माझ्या बाजूने लागलेला असतो, दुसऱ्यात मी पिंजऱ्यात उभा असतो. ‘देवाच्या न्यायासमोर’ या मोघम रचनेत वाचक सोयीने पहिला अर्थ घेऊ शकतो. ख्रिस्ती मराठीत ‘न्यायासन’ हा रुळलेला शब्द आहे. तो वापरला की बसलेला कोण आणि उभे कोण, याविषयी शंका उरत नाही. कॅथलिक परंपरेत वर्षाच्या अखेरच्या दिवशी गायल्या जाणाऱ्या ‘ते देऊम’ या आभाराच्या स्तोत्रातही, तू आमचा न्यायाधीश होऊन येशील असा आमचा विश्वास आहे, अशी ओळ आहे. आभार आणि न्याय तेथे शेजारी शेजारी आहेत.

राहिला ‘नम्र’ आणि ‘लीन’ यांचा प्रश्न. ‘नम्र’ हा ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूवरून आलेला आहे आणि आज तो बराचसा वागण्याबोलण्याच्या रीतीपुरता उरला आहे. सूचनाफलकावरची विनंतीसुद्धा ‘नम्र’ असते. ‘लीन’च्या मुळाशी चिकटून राहणे, विरून जाणे हा अर्थ आहे. नम्र माणूस वाकतो आणि पुन्हा ताठ उभा राहू शकतो, लीन माणसाचा ताठाच विरघळलेला असतो. मत्तयच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणतो, त्यामुळे ख्रिस्ती वाचकाच्या कानात हा शब्द आधीच घुमत असतो. येथे मी ‘लीन’ निवडेन.

तेव्हा वाक्य असे करता येईल : “सरत्या वर्षाकडे पाहताना, प्रभूने आपल्याला पारखावे अशी विनंती करत आत्मपरीक्षण करू या आणि लीन होऊन त्याच्या न्यायासनासमोर उभे राहू या.” ‘लेखाजोखा’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर कर्ता बदलून “ज्याच्या हाती आपल्या सरत्या वर्षाचा लेखाजोखा आहे, त्या देवासमोर लीन होऊ या” असे लिहावे.